उललेले हात आणि चाकूची मूठ

ह्या वीकांताचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ह्याला दुसरं काही सुचलं नाही का? विषय आहे कोरडे, भेगाळलेले हात आणि घडीचा चाकू. पण थोडं थांबा. हा धागा ओढत गेलो तर तो चरकापासून सुरू होऊन वेल्लोरला जातो, तिथून बोस्टनला, आणि मध्ये एक गाठ आमच्या वर्ध्यात बसलेली आहे. म्हटलं, शनिवार-रविवार आहे, लिहूनच टाकू.

आधी आमच्याकडची परिस्थिती सांगतो. पिपरी (मेघे) हे वर्धा शहराला खेटून असलेलं गाव. वर्ध्याभोवती 'मेघे' भरपूर आहेत, सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे), सिंदी (मेघे), त्यातलंच हे एक. इकडे दिवाळी झाली की हवा एकदम कोरडी होते आणि हात 'उलतात'. पुण्या-मुंबईचे लोक 'भेगा पडल्या' म्हणतात. टाचांच्या भेगांना 'जळवात' असाही शब्द आहे. पण 'उलणे' ह्या शब्दाची सर कशालाच नाही. उन्हाळ्यात आमची काळी कापसाची जमीन उलते, अगदी पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि हिवाळ्यात तसाच हात उलतो. कारणही एकच. ओल गेली, वरचा थर आकसला, आणि जिथे ताण पडतो तिथे फाटला.

आता चाकू. घडीचा चाकू उघडायला पात्यावर नखाची एक खाच असते. अंगठ्याचं नख त्या खाचेत घालायचं आणि कडक स्प्रिंगच्या विरोधात पातं ओढायचं. थंडीत बोटं कोरडी खडखडीत असली की नख घसरतं, पातं अर्धवट उघडून परत बसतं. मग आपण अजून जोर लावतो. जोर लावला की अंगठ्याच्या पेराशी असलेली भेग उघडते आणि रक्त येतं. मूठ धरतानाही तेच. कोरडी कातडी गुळगुळीत मुठीवर पकड घेत नाही, म्हणून आपण गरजेपेक्षा घट्ट धरतो, आणि घट्ट धरल्याने भेगा अजून वाढतात. नोटा मोजताना आपण बोट ओलं करतो आणि मजूर कुदळ उचलायच्या आधी तळहातावर थुंकतो, ते ह्याचसाठी. किंचित ओली कातडी पकड घेते, कोरडी घसरते.

ह्यावर उपाय प्रत्येकाकडे असतो. कोणी कोकमतेल सांगतं, कोणी एरंडेल, कोणी कैलास जीवन, कोणी व्हॅसलिन. आमच्या आजीचा उपाय म्हणजे तेलात मेण वितळवून कोमट असताना भेगेत भरायचं. प्रश्न मला असा पडला की हे सगळं ज्ञान आलं कुठून, आणि त्यातलं नेमकं काम करणारं कोणतं? शोधायला लागलो तर उत्तर सौंदर्यप्रसाधनांच्या इतिहासात कमी आणि कुष्ठरोगाच्या इतिहासात जास्त सापडलं.

दचकू नका. साधे थंडीत उललेले हात म्हणजे कुष्ठरोग अजिबात नव्हे. पण ह्या दोन गोष्टींचं नातं फार जुनं आहे. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितलेत, सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं. त्या अकरांतलं एक म्हणजे विपादिका. लक्षणं काय, तर हातापायांना भेगा पडणं आणि तीव्र वेदना. म्हणजे चरकाच्या वर्गीकरणात उललेले हात 'कुष्ठ' ह्याच खात्यात जमा! आपल्याकडे 'कुष्ठ' हा शब्द एकेकाळी बहुतेक सगळ्या त्वचारोगांना मिळून होता, आणि पुढे तो एकाच रोगाला चिकटला. विपादिकेवर चरकाने दिलेला उपायही बघण्यासारखा आहे. जीवंती, मंजिष्ठा, दारुहळद, कपिला वगैरे औषधं तूप आणि तेलात सिद्ध करायची, आणि शेवटी त्यात राळ आणि मेण घालायचं. म्हणजे आजीचं मेण किमान दोन हजार वर्षं जुनं निघालं. मेण आणि राळ काय करतात ते पुढे येईलच.

आता खऱ्या कुष्ठरोगाकडे येऊ. १८७३ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनला आर्माउअर हॅन्सनने ह्या रोगाचा जिवाणू दाखवला. रोग आनुवंशिक नाही, पापाचं फळ नाही, जंतूने होतो, हे तेव्हा कळलं. पण नुसतं कळून भागत नाही. औषध नव्हतं. होतं ते चालमोगऱ्याचं तेल, म्हणजे आपल्याकडच्या कडू कवठाचं भावंड. ते पोटात घ्या नाहीतर टोचून घ्या, गुण येईल तेवढा येईल. ब्रिटिश सरकारने मात्र १८९८ मध्ये कायदा केला. निराधार कुष्ठरोग्यांना पकडून आश्रमात ठेवायचं, आणि जिथे हा कायदा लागू केला जाईल तिथे त्यांना खाण्याचे पदार्थ विकायला, सार्वजनिक विहिरीवर अंघोळ करायला, काही धंदे करायला मनाई करता येईल, अशी त्यात तरतूद होती. हा कायदा रद्द कधी झाला असेल? २०१६ मध्ये. एकशे अठरा वर्षांनी.

वर्ध्याची गाठ बसते ती १९३६ मध्ये. विनोबा १९३२ च्या अखेरीस नालवाडीला राहायला आले होते. त्यांचे एक सहकारी होते मनोहर दिवाण. आसपासच्या खेड्यांतून फिरताना त्यांना कुष्ठरोगी दिसत होते आणि त्यांच्यासाठी कोणीच काही करत नव्हतं. तोवर भारतात हे काम बहुतेक मिशनऱ्यांचंच होतं. दिवाणांनी नालवाडीजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. मिशनऱ्यांच्या बाहेर, इथल्या माणसाने उभं केलेलं हे अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक. वर्ध्यात वाढलेल्या आमच्यासारख्यांना 'दत्तपूर' हा शब्द लहानपणापासून माहीत असतो, पण खरं सांगायचं तर मोठी माणसं तो आवाज खाली आणून उच्चारायची.

१९३९ मध्ये सेवाग्रामला परचुरेशास्त्री आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या काळातले सहकैदी, आणि कुष्ठरोगी. आश्रमात त्यांच्यासाठी कुटी बांधली गेली. ती परचुरे कुटी आजही तिथे आहे. गांधीजी स्वतः त्यांना मालीश करत. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. पुढे शास्त्रीबुवा दत्तपूरला राहिले आणि १९४५ मध्ये तिथेच वारले. गांधीजींच्या रचनात्मक कार्यक्रमात कुष्ठरोग्यांची सेवा हे एक कलम आहे, त्यामागे हा अनुभव होता. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानची स्थापना झाली, तेही वर्ध्यातच.

त्या मालीशकडे मी आजवर फक्त करुणेचं प्रतीक म्हणून बघत होतो. स्पर्श करायला जग घाबरत असताना स्पर्श केला, वगैरे. ते खरंच आहे. पण त्यात एक निव्वळ तांत्रिक गोष्टही आहे. तेलाने जिवाणू मरत नाही हे खरं, पण कोरड्या पडलेल्या कातडीला तेल चोळणं ही ह्या रोगात खरोखर करण्यासारखी गोष्ट आहे. का, ते समजायला अजून काही वर्षं जायची होती.

त्याआधी एक पेच लक्षात घ्या. दत्तपूर असो, की बाबा आमट्यांनी १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ सुरू केलेलं आनंदवन असो, ह्या संस्थांचा पाया होता श्रम. भीक नको, काम हवं. जमीन खणायची, विहीर काढायची, शेत पिकवायचं, सूत काढायचं. माणसाला त्याची प्रतिष्ठा परत मिळते ती कामातून, दयेतून नाही. हे शंभर टक्के पटतं. पण काम म्हणजे हत्यार आलं. कुदळ, विळा, चाकू, कुऱ्हाड. आणि ज्या हातांना स्पर्शच कळत नाही, वेदनाच होत नाही, त्या हातांत हत्यार देणं म्हणजे काय, हा प्रश्न उभा राहतो. काम दिलं नाही तर माणूस संपतो, दिलं तर हात संपतो.

ह्या पेचाला थेट भिडलेला माणूस म्हणजे डॉ. पॉल ब्रँड. जन्म १९१४, तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईबापांच्या पोटी. गंमत म्हणजे डॉक्टर व्हायच्या आधी हा माणूस इंग्लंडमध्ये गवंडीकाम-सुतारकाम शिकला होता. १९४६ मध्ये तो वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हाडांचा सर्जन म्हणून आला. १९४७ मध्ये चेंगलपट्टूच्या कुष्ठरोग रुग्णालयात डॉ. कॉक्रेनबरोबर फिरताना त्याने एका रोग्याच्या पंजासारख्या वळलेल्या हातात हात दिला आणि म्हणाला, दाब. त्या माणसाने इतक्या जोरात दाबला की ब्रँड कळवळला. ह्यातून त्याला दोन गोष्टी सुचल्या. एक, हाताचे सगळे स्नायू मेलेले नाहीत, कोपराखालचे चांगले आहेत, म्हणजे त्यांचे स्नायुबंध फिरवून वाकडी बोटं सरळ करता येतील. दोन, ह्या माणसाला आपण किती जोरात दाबतोय हेच कळत नाहीये.

पहिल्या गोष्टीतून १९४८ पासून शस्त्रक्रिया सुरू झाल्या. (महाराष्ट्रात पुढे डॉ. नोशीर अंतिया ह्यांनी पुण्याजवळ कोंढव्याला आणि मग मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असंच काम केलं.) दुसरी गोष्ट मात्र ब्रँडला वर्षानुवर्षं पुरली. शस्त्रक्रियेने सरळ केलेले हात घेऊन मुलं कामाला लागली आणि काही महिन्यांनी तेच हात जखमांनी भरून परत आले. तोवर सगळे, डॉक्टरसुद्धा, असंच धरून चालले होते की ह्या रोगात मांस आपोआप सडतं. आपल्याकडे तर सरळ म्हणतातच, 'बोटं झडतात'. जणू पानगळ. ब्रँडने हे गृहीत धरायला नकार दिला. प्रत्येक जखमेला कारण असलंच पाहिजे, असं म्हणून त्याने शोध सुरू केला. अगदी एकेक जखम घेऊन, ती कधी झाली, त्याआधी तू काय करत होतास, असं विचारत.

आम्ही सॉफ्टवेअरवाले ह्याला डीबगिंग म्हणतो. 'सिस्टीम आपोआप क्रॅश होते' असं म्हणणाऱ्याकडे आपण कसं बघतो? आपोआप काही होत नसतं. लॉग दाखव.

आणि लॉगमध्ये कारणं सापडत गेली. एकदा एक गंजलेलं कुलूप ब्रँडला उघडेना. एक लहान मुलगा पुढे आला, म्हणाला मी बघतो, आणि किल्ली सहज फिरवली. ब्रँडने बघितलं तर पोराच्या बोटातून रक्त येत होतं, किल्लीच्या कडेने बोट हाडापर्यंत कापलं होतं. पोराला पत्ताच नव्हता. काही जणांची बोटं रात्रीत छोटी होत. पाळत ठेवली तर उंदीर कुरतडताना सापडले. मग मांजरं पाळली गेली. आणि ह्या नाट्यमय कारणांपेक्षा कितीतरी जास्त वेळा कारण निघालं ते अगदी क्षुल्लक: हत्याराची अरुंद किंवा खडबडीत मूठ, गरम भांडं, आणि कोरड्या कातडीला पडलेली भेग.

भेगच का? तर ह्या रोगाचा जिवाणू शरीरातल्या थंड जागी, कातडीजवळून जाणाऱ्या नसांमध्ये घर करतो. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती नस त्याची फार आवडती. नस गेली की तीन गोष्टी जातात. स्पर्श जातो, स्नायूंची ताकद जाते, आणि जिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही ती तिसरी, म्हणजे घाम जातो. तळहाताच्या घामग्रंथी नसांच्या हुकमावर चालतात. हुकूम थांबला की तळहात बारमाही कोरडा. म्हणजे आपले हात थंडीत जसे होतात तसे त्यांचे बारा महिने, आणि दुखत नाहीत. पेराच्या घडीशी भेग पडते, माणूस काम करत राहतो, भेग खोल जाते, जंतू शिरतात, हाडापर्यंत पोचतात, हाड विरघळत जातं आणि बोट आखूड होतं. पानगळ वगैरे काही नाही. एका भेगेकडे वेळेवर न बघितल्याची किंमत.

पकडीची गोष्ट पुढे प्रयोगशाळेत मोजली गेली. १९८४ मध्ये स्वीडनच्या उमेओ विद्यापीठात रोलंड योहान्सन आणि गोरान वेस्टलिंग ह्यांनी दाखवलं की आपण वस्तू उचलतो तेव्हा ती निसटू नये म्हणून लागेल त्यापेक्षा किंचितच जास्त जोर लावतो. बोटांच्या टोकांना सूक्ष्म घसरण जाणवते आणि मेंदू क्षणार्धात जोर वाढवतो. बोटं औषधाने बधिर केली की हा हिशेब कोलमडतो आणि माणूस अवाच्या सवा जोर लावतो. फीडबॅक लूपमधला सेन्सर काढून टाकला की मोटर फुल स्पीडने चालवावी लागते, तसंच. थंडीत आपली कोरडी, जाड झालेली बोटं चाकूची मूठ आवळतात तेव्हा ह्याच गोष्टीची फिकट आवृत्ती आपण अनुभवत असतो. फरक एवढाच की आपल्याला दुखतं, आणि आपण थांबतो. दुखणं ही केवढी मोठी सोय आहे हे ब्रँडने आयुष्यभर सांगितलं.

मग भेगांवर काय करायचं? वेल्लोरपासून वर्ध्यापर्यंत सगळीकडे कुष्ठरोग्यांना जे शिकवलं जातं ते तीन शब्दांत मावतं. भिजवा, घासा, तेल लावा. रोज वीस-तीस मिनिटं हातपाय साध्या पाण्यात बुडवून ठेवायचे. (गरम पाणी नाही, कारण चटका कळत नाही. कोमट हवंच असेल तर ज्या कोपराला किंवा ज्या माणसाला कळतं त्याच्याकडून आधी तपासून घ्यायचं.) मऊ झालेली जाड कातडी खडबडीत दगडाने हलके घासायची. आणि मग पुसून खडखडीत न करता ओलसर कातडीवरच तेल किंवा व्हॅसलिन चोळायचं.

ह्यातला क्रम महत्त्वाचा आहे. पाणी आधी, तेल नंतर. आपण बहुतेक जण उलट समजतो. आपल्याला वाटतं तेल कातडीला मऊ करतं. १९५२ मध्ये बोस्टनच्या अर्विन ब्लँक ह्या संशोधकाने एक फार साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पायाच्या घट्ट्याचे वाळलेले, ठिसूळ तुकडे घेतले. काही तेलांत ठेवले, काही पाण्यात. तेलातले तुकडे कितीही दिवस ठेवले तरी कडकच राहिले. पाण्यातले मऊ झाले. कातडीच्या सर्वांत वरच्या मृत थराला लवचीक ठेवतं ते पाणी. ते सुमारे १० टक्क्यांच्या खाली गेलं की थर ठिसूळ होतो. तेल, तूप, मेण, राळ ह्यांचं काम मऊ करणं नाही, आत आलेलं पाणी बाहेर जाऊ न देणं. मडक्यावर झाकण ठेवल्यासारखं. मडकंच रिकामं असेल तर झाकण कितीही भारी असून काय उपयोग?

ह्या नजरेने बघितलं की सगळे जुने उपाय एका रांगेत उभे राहतात. चरकाचं मेण आणि राळ हे झाकण. कोकणातलं कोकमतेल, जे घट्ट असतं आणि हाताच्या उबेने वितळतं, तेही झाकण. शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप, हे तर झाकण आणि पाणी दोन्ही एकत्र, म्हणजे आजच्या भाषेत क्रीमच. व्हॅसलिनची गोष्ट अशीच कामगारांच्या हातांतून आली. १८५९ मध्ये रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनशास्त्रज्ञ पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलच्या तेलविहिरींवर गेला. तिथे पंपाच्या दांड्यांवर एक मेणचट चिकटा जमायचा, तो कामगारांना नकोसा होता, पण कापलं-भाजलं की तेच कामगार तो जखमेवर लावायचे. चेसब्रोने तो शुद्ध केला आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलं. मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून लॅनोलिन झालं ते १८८२ च्या सुमारास जर्मनीत. ती चरबीही ग्रीक वैद्य फार आधीपासून वापरत होते. शोध प्रयोगशाळेच्या नावावर जमा होतात, पण बऱ्याचदा कोणाचे तरी उललेले हात तिथे आधी पोचलेले असतात.

आता मुठीबद्दल. ब्रँड आणि त्याच्यानंतरच्या लोकांनी दुसरी गोष्ट बदलली ती हत्यारं. हाताची कातडी एका मर्यादेपलीकडे सुधारता येत नसेल तर मूठ सुधारा. तत्त्व शाळेतलंच आहे, तोच जोर जास्त क्षेत्रफळावर पसरला की दाब कमी. म्हणून मूठ जाड, गुळगुळीत, कोपरे नसलेली, कापड किंवा रबर गुंडाळलेली. धातूची मूठ गरम होते, म्हणून लाकडी. एकाच हाताने तासन्‌तास काम नाही, मध्ये मध्ये हात बदलायचा. आणि दिवसाच्या शेवटी दोन्ही हात उजेडात धरून डोळ्यांनी तपासायचे, कारण जे बोटांना कळत नाही ते डोळ्यांना कळवून घ्यावं लागतं. पायांसाठी मऊ रबराच्या चपला आल्या, त्याही ह्याच विचारातून.

ह्यात आपल्या विळीचा विचार केला तर मजेशीर गोष्ट दिसते. चाकूत पातं फिरतं आणि मूठ हातात असते. विळीत पातं स्थिर, पाटावर पाय, आणि दोन्ही हात भाजीला धरून पात्याकडे जातात. मूठच नाही! म्हणजे मुठीचा त्रास नाही, पण बोटं आणि पातं ह्यांच्यामध्ये फक्त भाजी. ज्याला स्पर्श नीट कळतो त्याच्यासाठी विळी झकास, ज्याला कळत नाही त्याच्यासाठी जाड मुठीचा चाकू बरा. स्वयंपाकघरातलं हत्यार बदलणं हीसुद्धा उपचाराचाच भाग असू शकते, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

आज कुष्ठरोगाला औषध आहे. १९४० च्या दशकात डॅप्सोन आलं, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला, आणि भारतात तो ज्या अगदी पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत वर्धा होता. डिसेंबर २००५ मध्ये देशाने दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हा टप्पा गाठला. सरकारी भाषेत 'निर्मूलन' झालं, आणि तिथेच लोकांचा गैरसमज झाला की रोग संपला. संपलेला नाही. २०२३ मध्ये जगात सुमारे १ लाख ८३ हजार नवे रुग्ण सापडले आणि त्यांतले सुमारे १ लाख ८ हजार भारतात. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते २०१९ पर्यंत. आणि औषधाने जिवाणू मरतो, पण मेलेली नस बहुतेक वेळा परत येत नाही. म्हणजे बरा झालेला माणूससुद्धा आयुष्यभर रोज हात भिजवतो, घासतो, तेल लावतो. रोग कागदावर संपल्यावरही हे काम उरतंच.

ह्याचा आपल्याशी काय संबंध, असं अजूनही वाटत असेल तर एक शब्द सांगतो: मधुमेह. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत लुईझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेला आणि तिथे लक्षात आलं की मधुमेह्यांच्या पायांचं हेच होतं. नसा बधिर, घाम बंद, कातडी कोरडी, भेग, जखम, आणि शेवटी पाय कापावा लागणं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घरात एक तरी. कुष्ठधामांत शिकवली गेलेली ती तीन शब्दांची पद्धत आता आपल्या आईबाबांच्या कामाची आहे. (फक्त मधुमेह असेल तर पाय फार वेळ भिजवत ठेवण्याआधी आणि घासण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि जखम असेल तर घरगुती प्रयोग नकोत.)

तर घडीचा चाकू बाळगणाऱ्या, थंडीत हात उलणाऱ्या माणसाने काय करावं? एवढं वाचलंत तर थोडक्यात सांगतो.

रात्री झोपायच्या आधी हात पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात धरा, हलके टिपा आणि ओलसर असतानाच व्हॅसलिन, कोकमतेल किंवा मेण-तेल लावा. वरून जुने सुती मोजे हातात घातले तरी चालतील, बायको हसेल तेवढंच. सकाळी चाकू हातात घ्यायच्या आधी मात्र हात आणि मूठ दोन्ही पुसा, तेलकट हातात पातं फिरलं तर गेलात. भांडी धुवायचा साबण आणि अंगठ्याची भेग ह्यांची गाठ पडू देऊ नका. चाकूला धार ठेवा, बोथट पात्याला जोर जास्त लागतो आणि जोर भेगेवर येतो. स्प्रिंगला आणि सांध्याला तेलाचा एक थेंब द्या म्हणजे नखाची ओढाताण वाचेल. मूठ फार बारीक असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, दिसायला भिकार पण पकड उत्तम. आणि भेगेत घरातला झटपट गोंद भरणारे वीर असतात, तो उद्योग नको, जखमेसाठीचा गोंद वेगळा असतो.

ह्या सगळ्यानंतरही भेग दुखली, तर दुखू द्या. दुखतंय म्हणजे नस जिवंत आहे. आणि हाताच्या किंवा पायाच्या एखाद्या भागाला भेग पडूनही दुखत नसेल, घाम येत नसेल, किंवा कातडीवर न खाजणारा, बधिर, फिकट चट्टा दिसला, तर सरळ सरकारी दवाखान्यात जा. तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट आहेत, आणि लवकर गेलं तर हात पूर्ण वाचतो. लाजायचं काही कारण नाही. वर्ध्यात तरी नाहीच नाही.

असो. पुढच्या वीकांताला कापसाच्या वेचणीबद्दल लिहायचं मनात आहे, म्हणजे परत हातच. बघू, रिलीजच्या गडबडीतून सुटका झाली तर.